धुरपदाचा लंगर

निमोण्याच्या धुरपदाचं कपाळ पिवळं आहे. उन्हातान्हात तिचा रंग रापला, केसांत पांढरं आलं, पण भुवयांच्या वरचा हळदीचा तो रुंद पट्टा कशानंच गेला नाही. एकदा दौंडला भावाकडे राहायला गेली असताना तिनं तो साबणानं, मग पाय घासायच्या वजरीनं आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून रॉकेलच्या बोळ्यानं घासून पाहिला. कातडी सोलवटली, खपली धरली, आणि खपली पडल्यावर खालून पुन्हा पिवळंच कपाळ वर आलं. भावजय झुंबरबाई म्हणाली, की हे वरून लागलेलं नाही, आतूनच भरलेलं आहे. दोघी खूप हसल्या. मग धुरपदा बराच वेळ मोरीत तशीच बसून राहिली.

तिची आई भागुबाई हिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला तिनं जेजुरीच्या देवाला शब्द दिला, की हा जगला तर पुढचं मूल तुझं. तिसरा संपत, तो जगला. पुढचं मूल धुरपदा. मुरळी सोडायची चाल कायद्यानं केव्हाच बंद झाली होती, पण कायदा शिरूरच्या कचेरीत होता आणि नवस घरात होता. दुधाचे दात पडायच्या वयात तिचं देवाशी लग्न लागलं, आणि तिला चुलत्याच्या, दगडोबाच्या हवाली करण्यात आलं. दगडोबा वाघ्या होता. गळ्यात कवड्यांची माळ, खांद्याला भंडाऱ्याची पिशवी, हातात डिमडी. त्यानं पोरीला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, गाणं शिकवलं, कधी हात उगारला नाही. म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता येत नसे.

ज्यांच्या घरी लग्न झालं, मूल झालं, विहिरीला पाणी लागलं, ते खंडोबाचं जागरण घालत. दगडोबाची डिमडी, म्हातारा म्हाळू तुणतुण्यावर, आणि मध्ये हातातली छोटी घंटा, म्हणजे घाटी, वाजवत धुरपदा. तिच्या आवाजासाठी लोक पार पारनेरपासून निरोप पाठवत. गाताना बाया तिच्या पाया पडत, पुरुष तिच्याकडे टक लावून बघत, आणि सकाळी त्याच बाया तिला ओसरीवर वेगळी बसवून चहा देत. याला तिची हरकत नव्हती, म्हणजे हरकत घ्यायची असते हेच तिला ठाऊक नव्हतं.

जागरणाचा शेवट लंगर तोडून होई. लंगर म्हणजे लोखंडाची साखळी. नवस फेडणारा यजमान ती नवी आणून देवापुढे ठेवी, आणि अखेरीस दगडोबा ती दोन्ही हातांत घेऊन, अंगात आल्यासारखा झटके देऊन तोडी. लंगर तुटला की देवानं नवस मान्य केला, घर मोकळं झालं. तो तुटेपर्यंत मुरळीनं गाणं थांबवायचं नाही, हा रिवाज. दगडोबाला फार वेळ लागत नसे, कारण निमोण्याचा लोहार प्रत्येक लंगरात एक कडी भट्टीत न जोडता नुसती ठोकून मिटवायचा. ती लोहाराला माहीत असे, वाघ्याला माहीत असे, आणि गावातल्या जाणत्यांनाही माहीत असे. पण त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढत नसे. ती फसवणूक आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. नुसती मिटवलेली कडीसुद्धा मनगटात बळ आणि तोंडात देवाचं नाव असल्याशिवाय तुटत नाही, असं दगडोबा मानी.

दुष्काळ सरला त्या साली झुंबरबाई बाळंत झाली आणि धुरपदा तिच्या मदतीला दौंडला गेली. संपत तिथं रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांवरचा हाताखालचा कामगार, होता. लहानपणीच मामानं त्याला तिकडे नेलं होतं, त्यामुळे गावचं त्याला फारसं माहीत नव्हतं. रेल्वे कॉलनीत धुरपदाला कुणी ओळखत नव्हतं. नळावर बायका तिला "संपतची बहीण" म्हणत आणि रांगेत ढकलूनसुद्धा देत. त्या ढकलण्यानं ती मनातून सुखावे.

कॉलनीत रतनबाई नावाच्या बाई बालवाडी चालवत. गार्डाच्या विधवा, कडक इस्त्रीचं पातळ, करडा आवाज. एकदा त्यांची आया आली नाही तेव्हा झुंबरबाईनं नणंदेला पाठवून दिलं. धुरपदानं पोरांची नाकं पुसली, भांडणं सोडवली आणि दुपारी गुणगुणत सगळ्यांना झोपवलं. ती गुणगुणली ते जागरणातलंच होतं, पण पोरांना काय कळणार. रतनबाई दारात उभं राहून बघत होत्या. बाळंतीण उठून फिरायला लागली तेव्हा त्यांनी धुरपदाला बोलावून घेतलं.

"आमची आया गावी चाललीय कायमची. तू ये. मागची खोली मिळेल. पण एक सांगते, महिनाभर इथे आणि महिनाभर जत्रेत, असं मला चालायचं नाही. ते सोडूनच यायचं."

"सोडता येतं व्हय, बाई?" धुरपदानं विचारलं. तिला खरोखरच माहिती हवी होती.

रतनबाईंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. "ते मला काय विचारतेस? मी माघ संपेपर्यंत वाट बघते."

निमोण्याला परत आल्यावर धुरपदानं चुलत्यापुढे विषय काढला. दगडोबानं ऐकून घेतलं आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. पुन्हा काढला, तेव्हा म्हणाला की देवाच्या माणसांना राजीनामा नसतो. तिसऱ्यांदा काढला त्या दिवशी तो जेवला नाही. आता हा जेवत नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं? ती पोत्यावर बसून ज्वारी पाखडत राही आणि आपण सुपातच आहोत असं तिला वाटे. वर उडायचं, आणि पुन्हा सुपातच पडायचं.

अशात एका सकाळी शिरूरहून जीप आली. विद्यापीठानं शिरूरला, गावाबाहेरच्या माळावर, नाटक-संगीत-नृत्याचं नवं केंद्र बांधलं होतं. मोठी दगडी इमारत, आत रंगमंच, मखमली खुर्च्या. केंद्राचे प्रमुख पोपटराव सर स्वतः आले होते. ते याच मुलखातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव, शिकून मोठे झालेले, माणूस सरळ आणि उत्साही. माघात उद्घाटन होतं, मुंबईहून मंत्री यायचे होते, आणि नव्या रंगमंचावर पहिला आवाज आपल्या मातीतला घुमावा अशी त्यांची इच्छा होती. जागरण करायचं, पण दुपारी चारला, आणि तासाभरात. लंगर तुटला की पडदा पडेल.

दगडोबाला सगळं पसंत पडलं. त्याची अडचण एकच होती.

"यजमान कोन?" त्यानं विचारलं.

"विद्यापीठ," पोपटराव सर म्हणाले.

म्हाळू तुणतुण्याची तार पुसत होता. तो म्हणाला, "विद्यापीठाला पोरंबाळं हायत का, साहेब? न्हाई, नवस कशाचा बोलायचा ते कळाया नगं?"

सर मनापासून हसले आणि हे तुम्हीच ठरवा म्हणाले. जीप गेली. दगडोबा ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी दिवा लावायला धुरपदा देवघराशी आली तेव्हा तो तिच्या मागोमाग आला आणि पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून त्यानं देवापुढे ठेवला. भंडारा ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत.

"धुरपे, यजमानाबिगर जागरण व्हत न्हाई. हे जागरण तुझं धर. तुझ्या आईनं शब्द दिला, तू तो उभा जल्म फेडलास. शिरूरचा लंगर तुटला की तू मोकळी. मग जा दौंडाला. मी न्हाई म्हननार न्हाई."

"आन् तुमी जेवाल का, आप्पा?"

"जेवीन," दगडोबा म्हणाला. "म्हाळूच्या हातचं कसंबी असलं तरी जेवीन."

लंगर कुठून आणायचा हा प्रश्न होता. निमोण्याचा लोहार पावसाळ्यातच वारला होता, आणि त्याचा मुलगा चिंचवडला कारखान्यात लागला होता. भाता गुंडाळून माळ्यावर गेला होता. यजमान धुरपदा, तेव्हा लंगर तिच्या माहेरच्या माणसानं आणावा, म्हणजे संपतनं, असं दगडोबानं ठरवलं आणि तसा निरोप दौंडला धाडला. नव्या वास्तूचं काम आहे, लंगर नवा आणि चांगला कर, एवढाच निरोप. कडीचं काही सांगितलं नाही. ती सांगायची गोष्टच नव्हती.

संपतला बहिणीबद्दल एक सल होता. आपण जगलो म्हणून ही गेली, हे त्याला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण कळत होतं. बहीण सुटणार आणि तिच्या सुटकेची साखळी आपण करायची, याचा त्याला हुरूप आला. शेडमध्ये भट्टीवर उत्तरेकडून आलेला एक लोहार होता, डबे जोडायच्या साखळ्या दुरुस्त करणारा. संपतनं त्याला गळ घातली, समोर बसून एकेक कडी तापवून घेतली, सांधा न् सांधा एकजीव करून घेतला, आणि वर स्वतः तेलपाणी केलं. साखळी तुटण्यासाठी करायची असते हे त्या लोहाराला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्याच्या आयुष्यात तुटलेली साखळी म्हणजे चौकशी आणि बोलणी.

उद्घाटनाच्या सकाळी संपत एसटीनं शिरूरला आला तो लंगर पोत्यात घेऊन. काळा, तुकतुकीत, नागासारखा. दगडोबानं तो हातावर तोलला, एकेक कडी चाचपली. सगळ्या सारख्याच लागल्या. त्यानं मान डोलावली आणि हळूच म्हाळूला म्हणाला, की रेल्वेचा लोहार हुशार आहे, कच्ची कडी कुठली ते आपल्यालासुद्धा दिसू दिली नाही.

धुरपदानं घरातून निघताना आपलं गाठोडं बांधून घेतलं होतं. दोन लुगडी, फणी, आईची पितळी वाटी. कार्यक्रम झाला की संपतबरोबर संध्याकाळची गाडी धरायची. गाठोडं तिनं रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या आड, दिसेल असं ठेवलं.

पोपटराव सरांनी अदबीनं एक विनंती केली. पडदा नवा आहे, मखमलीचा आहे, तेव्हा भंडारा जरा जपून. आणि चपला बाहेर. म्हाळू कुरकुरला, की देवालाच आज बाहेर काढलंय तिथं चपलांचं काय. पण त्यानं चपला काढल्या.

भाषणं झाली. हार झाले. मग दारं लागली. खिडक्या त्या इमारतीला नव्हत्याच. बाहेर लख्ख दुपार होती आणि आत मिट्ट काळोख. धुरपदा आजवर अंगणात गायली होती, मांडवात गायली होती. मान वर केली की आभाळ असायचं, कुणाचं पोर रडायचं, कुठं कुत्रं मध्ये यायचं. इथं वर दिवे होते, इतके तापलेले की कपाळावरची ताजी हळद ओघळून डोळ्यांत उतरली. समोर काहीच दिसत नव्हतं. आपण एका मोठ्या पेटीत गातो आहोत असं तिला वाटलं.

पण ती गायली. शेवटचंच आहे म्हणून जीव ओतून गायली. देवाला आमंत्रण झालं, गण झाला, बाणाईची कथा झाली. समोरच्या काळोखातून टाळ्या आल्या. मग दगडोबानं डिमडी खाली ठेवली, लंगर उचलला, आणि धुरपदानं शेवटचं पद धरलं. घाटी जलद वाजायला लागली. दगडोबानं पहिला झटका दिला.

लंगर तुटला नाही. यात नवल नव्हतं, पहिल्या झटक्याला तो कधीच तुटत नसे. दुसरा, तिसरा. पद संपत आलं, तिनं पुन्हा उचललं. दगडोबानं लंगर पाठीमागून घेतला, गुडघ्याखाली दाबला, अंग झोकून ओढला. कड्या खणखणल्या आणि तशाच राहिल्या. तिनं पद तिसऱ्यांदा धरलं. लोकांना वाटलं की रंगत चढते आहे. ते ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले. पडद्याच्या बटणाशी बसवलेल्या माणसाला लंगर तुटला की बटण दाब असं सांगितलेलं होतं, तो बोट ठेवून बसला होता. मंत्र्यांना पुण्याला पोचायचं होतं, पण पडदा पडल्याशिवाय त्यांना उठता येईना.

धुरपदाकडची पदं संपली. ती पुन्हा आमंत्रणापाशी आली, पुन्हा गण म्हटला. घसा सुकून लाकूड झाला होता. मध्येच तिनं कडेला पाहिलं. संपत गाठोड्याशी उभा होता, तोंडावर हात धरून. त्याच्या तोंडाकडे बघताच तिला सगळं कळलं. कच्ची कडी नव्हतीच. दादानं ती ठेवलीच नव्हती.

दगडोबाला अजून कळलं नव्हतं, किंवा कळून तो मानत नव्हता. त्यानं शब्द दिला होता, आणि तो पुरा करायला तो जिवावर उदार झाला होता. त्याच्या तळहातांना भेगा पडून रक्त लंगराला लागलं होतं. श्वास भात्यासारखा वाजत होता, ओठ काळे पडत चालले होते. ती गात होती म्हणून त्याला थांबता येत नव्हतं. तो झटके देत होता म्हणून तिला थांबता येत नव्हतं. आणखी दोन पदं गायली तर म्हातारा इथंच पडेल, हे तिला दिसत होतं. थांबली, तर आईचा शब्द तसाच राहतो, आप्पाचाही, आणि दौंड जातं. तिनं गाठोड्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

तिनं घाटी खाली ठेवली.

म्हाळूचं तुणतुणं दोनचार वेळा एकटंच टुणटुणलं आणि बंद झालं. दगडोबा वाकलेलाच राहिला. बटणावरचा माणूस गांगरला आणि त्यानं पडदा पाडला. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बराच वेळ चालला होता, असं नंतर लोक सांगत.

पडद्याआड दगडोबा खाली बसला. "का थांबलीस?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे. भिऊन.

"तुमचं हात बगा, आप्पा."

त्यानं हात पाहिले नाहीत. "आनिक एका पदानं तुटला असता."

"नसता तुटला," संपत म्हणाला आणि रडायलाच लागला. "मला कुनी सांगितलंच न्हाई. पक्का कर म्हनलं मी त्याला. धुरपे, मीच म्हनलं पक्का कर."

"सांगायची गोष्ट हाय व्हय ती?" दगडोबा म्हणाला.

तेवढ्यात पोपटराव सर आत आले. ते भारावून गेले होते. मंत्र्यांना फार आवडलं, विशेषतः शेवट, ते अर्धवट सोडून देणं. काय ती जागा, म्हणाले. आता दर महिन्याला इथं विद्यार्थ्यांसाठी यायचं, गाडीभाडं आणि मानधन मिळेल, नाही म्हणायचं नाही. दगडोबानं मान हलवली, ती हो म्हणायला की थकून, कोण जाणे. सरांनी ती हो धरली.

संध्याकाळची गाडी संपतनं एकट्यानं धरली. जाताना तो म्हणाला की लंगर मी नेतो, छिन्नीनं एक कडी कापून आणतो. दगडोबानं मान वर न करता सांगितलं, की कापलेला लंगर म्हणजे तुटलेला लंगर नव्हे. धुरपदानं गाठोडं उचललं आणि ती आप्पाबरोबर निमोण्याला परतली. म्हाताऱ्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. घास कोण भरवणार होतं? म्हाळू?

माघ संपला. रतनबाईंनी आणखी आठवडाभर वाट बघितली आणि अंजना नावाच्या दुसऱ्या बाईला ठेवून घेतलं. झुंबरबाईनं तसं कळवलं, आणि पोरं अजून तुझी झोपायची गाणी मागतात, असंही कळवलं. ते कळवलं नसतं तर बरं झालं असतं.

दगडोबाचे हात भरून आले, पण बोटं पुरती मिटेनात. डिमडी सुटली, जागरणं कमी होत गेली. शिरूरला मात्र दर महिन्याला जीप घेऊन जाई. तिथं विद्यार्थी खाली बसून ऐकत, वह्यांत लिहून घेत. धुरपदा सगळं म्हणून दाखवी आणि लंगराच्या पदाशी आली की घाटी खाली ठेवी. पुढे म्हणत नसे. या भागात मुरळी लंगराआधी थांबते, असं ती मुलं लिहून घेत असतील. तिनं त्यांना वेगळं काही सांगितलं नाही. इमारतीला खिडक्या पुढेही पाडल्या नाहीत. गाणं झालं की ती आधी बाहेर येऊन माळावर उभी राही, मग पाणी पिई.

लंगर बरेच दिवस खुंटीला टांगून होता. येताजाता दिसे. पुढच्या साली संपतनं पैसे घालून बहिणीला म्हैस घेऊन दिली, दांडगी, पहिल्या वेताची, दोनदा दावं तोडून इनामगावच्या रस्त्याला लागलेली. तिसऱ्यांदा तिला शोधून आणल्यावर धुरपदानं दाव्याचे तुकडे भिरकावले, घरात गेली, खुंटीवरचा लंगर काढला आणि म्हशीच्या गळ्यात अडकवून मेखेला बांधला.

दगडोबा ओट्यावर होता. त्यानं सगळं पाहिलं. ती वाट बघत होती, की आता हा उठेल, देवाची चीज आहे म्हणेल, जेवणार नाही म्हणेल. म्हशीनं मान झाडली. लंगर खणखणला.

"आप्पा," धुरपदानं विचारलं, "म्हशीनं तोडला तर मी मोकळी का?"

दगडोबानं खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, मेखेकडे, म्हशीकडे, आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघत बराच वेळ विचार केला.

"म्हस काय वाघ्या हाय?" तो म्हणाला. मग तोंड फिरवून, "पर तोडला, तर मी आडवा येनार न्हाई."

म्हैस अजून आहे. गोठ्याशेजारून जाणाऱ्या बाया म्हणतात की धुरपदा तिला जरा जास्तच खाऊ घालते. सगळ्यांची गुरं एका पेंडीवर असतात. ही आपल्या म्हशीपुढे दोन टाकते, वर मूठभर सरकीही ठेवते, आणि ती खात असताना पाठीवर हात फिरवत शेजारी उभी राहते.